एका अंशाचं अंतर

तिने आकडे उघडले आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणजे तसं काहीच घडलं नव्हतं. सकाळची वेळ, टेबलावर अर्धा प्यालेला चहा, खिडकीखाली कुणाची तरी गाडी मागे येताना करते ती पीं-पीं, आणि पडद्यावर दोन ओळी. वरची नवऱ्याची, खालची विभागातल्या नव्या मुलीची. रेखांश, अक्षांश, कल, उंची, रुंदी, जाडी. कलाच्या रकान्यात वर बावीस आणि खाली एकवीस. विभागप्रमुख म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट मोजावी आणि एका अंशाचाच फरक यावा, असं त्या इमारतीत क्वचित घडे. तिने चहाचा घोट घेतला. तो केव्हाच गार झाला होता. तो घोट गिळता गिळता तिच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, की या दोघांचं काहीतरी आहे.

हा विचार कुणापुढे बोलून दाखवला असता तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं, हे तिलाही कळत होतं. पण लोकांना ते काम कुठे माहीत होतं? सूर्यातून अधूनमधून एक अवाढव्य ढग सुटतो. तो कुठे निघालाय, किती वेगाने, जाता जाता कसा फुगतोय आणि वळतोय, आपल्याला धडकणार की बाजूने निघून जाणार, हे वेळेत सांगायचं, एवढंच ते काम. अडचण अशी, की चित्र सपाट असतं. एकाच जागेवरून पाहिलं तर आपल्या अंगावर येणारा ढग आणि आपल्याकडे पाठ करून चाललेला ढग हुबेहूब सारखे दिसतात. दोन्ही वेळा सूर्याभोवती एक फिकट कडं वाढत जातं आणि बस. म्हणून अवकाशात एकमेकांपासून लांब असलेल्या तीन यानांची चित्रं शेजारी शेजारी मांडायची आणि तिन्हींवर एकदमच तारांची एक जाळी बसवायची. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, मधे फुगीर, दोन्ही पाय सूर्यात रोवलेली. सहा पट्ट्या सरकवून ती फिरवायची, कलती करायची, फुगवायची. एका चित्रात चपखल बसली की दुसऱ्यात हमखास सुटते. तिन्हींत बसली की मग अर्ध्या तासानंतरचं चित्र घ्यायचं, मग त्याच्या पुढचं. असं करत करत तो ढग सपाट चित्रांतून उठून खोलीत उभा राहतो आणि चालायला लागतो. यंत्रावर सोपवून चालत नाही, कारण ढगाच्या कडा पुसट असतात. तिथे माणसाचा डोळाच लागतो. आणि डोळा आला म्हणजे माणूस आलाच, त्याच्या खोडींसकट. यावर जुन्या साहेबांनी नियम घालून दिला होता, की प्रत्येक उद्रेक दोघांनी मोजायचा, आपापला, तोंडातून अवाक्षर न काढता, आणि आकडे तिसऱ्याने उघडायचे. "दोघांतलं अंतर म्हणजे आपलं अज्ञान," साहेब म्हणायचे. "ते लपवायचं नाही. इशाऱ्यासोबत छापायचं."

तिचं आणि नवऱ्याचं लग्न या अज्ञानातूनच जमलं होतं. तेव्हा तो नवरा नव्हता, समोरच्या टेबलावरचा एक हट्टी माणूस होता. दोघांनी मिळून मोजलेल्या पहिल्याच उद्रेकाचा कल तिने अडतीस दिला होता आणि त्याने अकरा. सत्तावीस अंशांचा फरक पाहून साहेबांनी चष्मा काढून पुसला होता. मग ते दोघं जे भांडायला लागले ते कँटीन बंद झालं तरी थांबेनात. बसथांब्यावर उभं राहून भांडले, बसमागून बस सोडली, आणि शेवटी तिने त्याच्याच हाताच्या तळव्यावर पेनाने जाळी काढून दाखवली, की बघ, हा पाय इथे रोवला तर ही बाजू अशी वर येणारच. त्याने तळवा पाहिला आणि म्हणाला, "हात माझा आहे, म्हणून तुझं म्हणणं खरं होत नाही." त्या वाक्यावर ती घरी जाईपर्यंत चिडून होती, आणि झोपताना हसली होती. लग्नात साहेबांनी दोन शब्द बोलताना सांगितलं, की खरं काय ते या दोघांच्या मधे कुठेतरी असतं. सगळे हसले. तिने मात्र ते मनात जपून ठेवलं. पुढे अठरा वर्षं त्याच्यासमोरचा दुसरा आकडा तिचाच होता. तो ढगाच्या उजळ गाभ्यामागे जायचा, ती बाहेरच्या फिकट कडेमागे. म्हणून त्याची जाळी नेहमी डावीकडे कलायची आणि तिची उजवीकडे, आठ-दहा अंशांनी. आकडे उघडायच्या आधीच त्याचा आकडा तिला माहीत असे. सांगायला गेलं तर कुणाला कळलं नसतं, पण तिच्या लेखी संसार म्हणजे ते आठ-दहा अंश होते. भाजीत मीठ कमी की जास्त, मुलाला दूरच्या शहरात शिकायला पाठवावं की नाही, सगळीकडे तेवढंच अंतर, आणि त्या अंतरात दोघं ऐसपैस राहत होती. मग साहेब निवृत्त झाले, ती त्यांच्या खोलीत आली, आणि आकडे उघडणाऱ्याने स्वतः मोजायचं नसतं म्हणून तिने आपली खुर्ची सोडली. त्या खुर्चीवर नवी मुलगी आली. खुर्ची तीच, फक्त नवी मुलगी उंच असल्यामुळे तिने ती दोन बोटं वर केली होती.

हे एकदाच झालं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण पुढच्या उद्रेकालाही एकच अंश. त्याच्या पुढच्याला दोन, मग पुन्हा एक. नवी मुलगी सुंदर असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. त्या मत्सराला निदान एक रीत असती, जुने रस्ते असते. पण ही साधी, लांबट चेहऱ्याची, बाही सतत कोपरावर सरकवणारी, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी पोरगी. तिच्यात हेवा वाटावा असं एकच होतं, की अठरा वर्षांत बायकोला जे जमलं नाही ते तिला चार महिन्यांत जमलं होतं: तिला जे दिसायचं तेच त्याला दिसत होतं. बायको आपल्या खोलीच्या काचेच्या दारातून पाहत राही. ते फारसे बोलत नसत. नवरा बोलताना मान थोडी वाकडी करून नव्या मुलीकडे पाही, लहान मूल गोष्ट ऐकताना करतं तशी, आणि तिला आठवू लागे की आपल्याकडे त्याने असं मान वाकडी करून कधी पाहिलं होतं. कधीच नाही. तिच्याकडे तो सरळ बघायचा, भांडायच्या तयारीने. घरीही तो बदलला होता. पेल्यात पाणी ओतताना ते टेबलावर सांडे. जिना उतरताना शेवटच्या पायरीशी घुटमळे. "लक्ष कुठे असतं तुझं?" ती विचारी. "इथंच आहे की," तो म्हणे. ऑफिसात ती मंडळी आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करत. न हललेलं सगळं करडं होऊन जाई आणि हललेलं तेवढं पांढरं-काळं उठून दिसे. ती आता चालता-बोलता हेच करू लागली होती. कालचा नवरा आजच्यातून वजा करायचा आणि उरलेलं बघत बसायचं. उरलेल्यात दर वेळी ती बाही सरकवणारी पोरगी होती.

एकदा तिने थोरल्या बहिणीला फोन केला. मनातलं हलकं करायला दुसरं होतंच कोण. "त्या दोघांचे आकडे जुळायला लागलेत गं," ती म्हणाली. पलीकडे बहीण कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबली. "आकडे?" मग ती म्हणाली. "अगं, कपड्याला वास येतो, फोन उलटा ठेवतात, असलं ऐकलं होतं मी. आकडे जुळले म्हणून कुणी रडतं? आमच्याकडे जुळत नाहीत म्हणून रोज रामायण होतं." तीही हसली. फोन ठेवला आणि हसू तिथेच संपलं. बहिणीचं चुकत नव्हतं. पण डोळा ही काय चीज आहे ते तिला माहीत होतं. माणूस आवाज बदलतो, चाल बदलतो, मतंसुद्धा बदलतो. पुसट कडा कुठे संपते हे ठरवणारी त्याची नजर बदलत नाही. ती बदलायला माणूस आतून दुसऱ्याचा व्हावा लागतो. तिने अठरा वर्षं वाद घातला, तळव्यावर काढून दाखवलं, तरी तो तसूभर उजवीकडे सरकला नव्हता. आणि आता तो सरकला होता.

त्याच आठवड्यात दुपारी ती त्याला बँकेत सोडून पुढे घरी जावं म्हणून लवकर खाली उतरली, तर फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "साहेब आत्ताच गेले ना. नव्या मॅडमच्या गाडीतून." त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की तिलाही सहजच "हो का" म्हणावं लागलं. नवरा सकाळी म्हणाला होता, दुपारी बँकेत काम आहे. ती आपल्या गाडीत जाऊन बसली आणि किल्ली न फिरवता हात चाकावर ठेवून राहिली. समोरच्या काचेवर कुठल्याशा पक्ष्याने घाण केली होती. तिला वाटलं, आत्ता ते कुठे असतील याचा अंदाज बांधायला आपल्याकडे एकच जागा आहे, ही. इथून दोन गोष्टी अगदी सारख्या दिसतात: आपल्याकडे येणारा माणूस आणि पाठ करून चाललेला. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा डोळे चोळत होता, आणि बँकेत फार गर्दी होती असं म्हणाला.

मग तिने जे केलं ते विभागप्रमुखाने करायचं नसतं. तिने जुना उद्रेक काढला, तोच, सत्तावीस अंशांवाला. त्याच्यावरची तारीख पुसून कालची घातली आणि तिन्ही चित्रं दोघांच्या टेबलांवर नवीन म्हणून पाठवून दिली. तर्क सरळ होता. त्याची नजर अजून त्याची असेल तर आकडा अकराच्या आसपास येईल, मग पोरीचा काहीही येवो. आणि तसा आला तर ती आपल्या मनातली सगळी घाण स्वतः धुऊन काढणार होती. त्या दिवशी ती दिवसभर खोलीत बसून राहिली. अकरा, अकरा, असं तिच्या मनात चाललं होतं. एखाद्या मुलाचा निकाल लागायचा असावा तसं. संध्याकाळी, माणसं जाताना जिन्यावर चपलांचे आवाज होत असताना, तिने आकडे उघडले. नव्या मुलीचा कल सदतीस. नवऱ्याचा अडतीस.

अडतीस तिचा होता. ती पडद्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदा तिला काही कळेना. मग कळलं. नव्या मुलीची नजर तिच्यासारखीच होती. तीही बाहेरच्या फिकट कडेमागे जाणारी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तिने अठरा वर्षं घसा कोरडा केला, तीच गोष्ट त्याला पटली होती, फक्त तिच्या तोंडून नाही. तेच म्हणणं दुसरी बोलली आणि त्याने मान डोलावली. तिला वाटलं, त्याने दुसऱ्या कुणाचा हात धरला असता तर एवढं लागलं नसतं. हात कुणीही धरतं. पण हा आकडा तिचा होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत तिच्या खुर्चीवरच्या बाईकडून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली, तिने भांडी घासली, तो शेजारी उभा राहून पुसत होता. "परवाचा उद्रेक परवाचा नव्हता," ती नळाकडे बघत म्हणाली. "आपला पहिला होता." तो पुसायचा थांबला नाही. "असं होय," तो म्हणाला. "अडतीस दिलेस तू," ती म्हणाली. "माझा आकडा. मी सांगत होते तेव्हा तो चूक होता. तिने सांगितला आणि पटला?" आता तिचा आवाज चढला होता. "इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?" त्याने ताट खाली ठेवलं, ते ओट्याच्या कडेवर अर्धं बाहेर राहिलं, आणि तिने ते आत सरकवलं. "मला काही पटलं नाही," तो म्हणाला. "मला दिसलंच नाही."

मग तो जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसला आणि फडक्याच्या घड्या घालत सांगत गेला. चार-पाच महिन्यांपूर्वी जाळी वाकडी दिसायला लागली. सरळ तारा पाण्यात बघाव्यात तशा हलायच्या. त्याला वाटलं प्रोग्रॅम बिघडलाय. शेजारी नवी मुलगी होती, तिला विचारलं, ही रेघ सरळ आहे का गं? ती म्हणाली, सरळ आहे सर. त्याने दुसरी दाखवली. तीही सरळ होती. "तेव्हा कळलं, की बिघाड प्रोग्रॅममधे नाही." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, उजव्याचा गेल्यात जमा, डाव्याला सुरुवात आहे, इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकेल बहुतेक. पुसट कडा तर त्याला आता दिसतच नव्हत्या. नवी मुलगी आपला आकडा हळू आवाजात सांगायची, आणि तो त्यात एखादा अंश मिळवून आपला म्हणून टाकायचा. अगदी तोच टाकायची लाज वाटायची.

"त्या दिवशी बँकेत नव्हता गेलास," ती म्हणाली.

"नाही. डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास गाडी चालवता येत नाही. ती सोडायला आली."

"मला येते गाडी चालवायला."

"तू विभागप्रमुख आहेस," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तुला मला खुर्चीवरून उठवावं लागलं असतं. आणि तू उठवलं असतंस."

"उठवलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं. तू येण्याआधीपासून, तीस वर्षं दुसरं काही केलं नाही गं मी."

तिला वाटलं होतं, काही नव्हतंच असं कळलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही, नुसता कूस बदलून बसला. त्याचे डोळे चाललेत हे तिला ऐकू आलं होतं, समजलंही होतं, आणि त्याबद्दलचं रडू कुठेतरी मागे आपली पाळी येण्याची वाट बघत उभं होतं. पण पुढे जी उभी होती ती मत्सराची बया, जराही न हलता. लफडं असतं तर रीतसर भांडता आलं असतं. चार माणसं आपल्या बाजूची झाली असती. पण त्याने आयुष्यातली सगळ्यांत मोठी भीती उचलून चार महिने दुसरीच्या पदरात ठेवली, याचं भांडण कुणाशी मांडायचं? रोजचं ते दृश्य तिला डोळ्यांपुढे आणता येत होतं: ती पोरगी बाही सरकवते, क्षणभर थांबते, वाकून हळूच म्हणते, कल, सदतीस. आणि तो मान वाकडी करून ऐकतो. जवळीक म्हणतात ती याहून वेगळी काय असते? तो खाली पडताना हात पुढे आला तो तिचा नव्हता. वर ती बाजूच्याच खोलीत, काचेमागे बसून त्यांना वजा करत होती. आणि दुसरंही होतंच. गेल्या महिन्यात त्यांनी ठासून इशारा दिला होता, अंतर फक्त एका अंशाचं म्हणून. लोकांनी उपग्रह झोपवले, कामं थांबवली, आणि ढग बाजूने निघून गेला. वरचे अजून विचारत होते, एवढी खात्री कशाच्या जोरावर होती.

"सोमवारी वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "चारही इशारे मागे घ्यावे लागतील. तुझं नाव काढावं लागेल."

"माहीत आहे."

"तिचंही येईल त्यात."

हे म्हणताना आपल्या आवाजात एक बारीकशी गोडी आली, ती तिची तिलाच ऐकू आली. त्यालाही आली असावी. "तिची चूक नाही," तो म्हणाला. "मी गळ घातली. ती दर आठवड्याला म्हणायची, सर, मॅडमना सांगा." यावर तिला बरं वाटायला हवं होतं. उलट मनात आलं, म्हणजे दर आठवड्याला माझ्याबद्दल बोलणं व्हायचं.

ती त्याच्या समोर जाऊन बसली. मधे टेबल, मिठाची बाटली, ओलं फडकं. त्याच्या मागच्या भिंतीवर दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं. "उजव्या डोळ्याने बघ माझ्याकडे," ती म्हणाली. त्याने डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "काय दिसतं?" त्याने मोजताना लावायचा तितका वेळ लावला. "मधे काही नाही," तो म्हणाला. "धुरकट गोळा आहे. कडेने दिसतेस. कान, केस, खांदा. मागची खिडकी चांगली दिसते."

"चेहरा?"

"नाही."

तिने ओठ घट्ट मिटले. आता रडू आलं असतं तर चाललं असतं, ती वेळ होती. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "तिच्याकडे असं बघितलं होतंस? हात ठेवून?"

"हो. पहिल्याच दिवशी. किती गेलंय ते बघायला."

"तिचं काय दिसलं?"

"तेवढंच."

"तेवढंच म्हणजे?"

"म्हणजे कान, केस, खांदा," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. जमलं ते एकदाच, आकड्यांत. तिला त्या डोळ्यातली ती जागा दिसली, जिथे ती आणि ती पोरगी यांच्यात काडीचाही फरक नव्हता. दोघींचे फक्त कान आणि केस. हे तिला सहन होईना. "नजर हलवू नकोस," ती म्हणाली. "खिडकीवरच ठेव." तो खिडकीकडे बघत राहिला, तळवा डोळ्यावर तसाच. तिने खुर्ची थोडी बाजूला ओढली, टेबलावर वाकली, चेहरा आडवा करून त्या धुरकट गोळ्याच्या कडेला, जिथे असेल असं वाटलं तिथे नेला. "आता?"

"नाही."

ती आणखी सरकली. कोपर फडक्यावर पडलं, बाही ओली झाली. "आता?"

"थांब," तो म्हणाला. "आता आहेस. नाक कळतंय. डोळे आहेत असं वाटतं. भुवया उचलल्यास का?"

"उचलल्या."

"कळलं."

ती तशीच वाकून राहिली. मान अवघडून तिला कळ यायला लागली होती. विचारू नये असं तिला वाटत होतं, विचारून मिळणार काय, आणि तरी तिने विचारलं, "तिने असं केलं होतं? बाजूला सरकली होती?"

तो आठवत राहिला. खरोखरच आठवत होता, घाईने उत्तर देऊन तिला खूश करायचं त्याच्या मनात नव्हतं, हे तिला त्या अवघडलेल्या मानेतूनही कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "तिला ते सुचलं नाही."

तिला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं, आणि मग तिचे डोळे भरून आले. कळ खांद्यापर्यंत उतरली तरी ती हलली नाही, कारण हलली असती तर ती त्याला दिसली नसती.